पाचारण आणि सेवा : पन्हाळा–कोल्हापूर परिसरातील ख्रिस्ती सेवाव्रताचा एक विचार

मराठी ख्रिस्ती वाङ्मयात ‘पाचारण’ ह्या शब्दाला एक विशेष अर्थ प्राप्त झाला आहे. ‘पाचारणे’ हे क्रियापद मराठीत जुने आहे. त्याचा साधा अर्थ बोलावणे, हाक मारणे असा. दरबारात एखाद्यास पाचारण होई, म्हणजे बोलावणारा अधिकारी असे आणि ज्यास बोलावले त्यास जाणे प्राप्त असे. मराठी पवित्र शास्त्राच्या भाषांतरात हाच शब्द ईश्वराने मनुष्यास दिलेल्या आवाहनासाठी योजला गेला. शब्दाची ही निवड अर्थपूर्ण आहे. आवड, इच्छा किंवा वृत्ती हे शब्द मनुष्याच्या बाजूने निघतात. पाचारण मात्र पलीकडून येते. परंतु येथेच एक ऐतिहासिक प्रश्न उभा राहतो. पलीकडून आलेली ही हाक खरी की भासमान, ह्याचा निर्णय कोणी करावयाचा? ज्यास ती ऐकू आली त्याने, की ज्या संस्थेमार्फत तो सेवा करणार त्या संस्थेने? कोल्हापूर आणि पन्हाळा ह्या परिसरातील अमेरिकन मिशनचा इतिहास ह्या प्रश्नावर बराच प्रकाश टाकतो.

ह्या इतिहासाची पार्श्वभूमी थोडक्यात ध्यानात घेतली पाहिजे. कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे २० किलोमीटरांवर असलेला पन्हाळा हा १७८२ पर्यंत करवीर राज्याच्या राजधानीचा किल्ला होता. कविवर्य मोरोपंतांचा जन्म १७२९ साली येथलाच. १८४४ साली गडकऱ्यांनी केलेल्या उठावात पन्हाळगड पुन्हा एकदा प्रतिकाराचे केंद्र बनला. त्या वर्षीच्या डिसेंबरात इंग्रज फौजेने तो जिंकला आणि त्यानंतर कोल्हापूरच्या कारभारावर कंपनी सरकारची पकड अधिक घट्ट झाली. ह्या घटनेनंतर अवघ्या आठ वर्षांनी, १८५२ साली, रेव्हरंड रॉयल गूल्ड वाइल्डर कोल्हापुरास आले. परक्या सत्तेच्या छायेत आलेल्या ह्या धर्मोपदेशकाची हाक कोल्हापूरच्या लोकांना केवळ धर्माची हाक म्हणून ऐकू येणे कठीणच होते. तिचे मोल ठरविताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

वाइल्डर ह्यांचा जन्म १८१६ साली अमेरिकेतील व्हरमाँट संस्थानात झाला. अमेरिकन बोर्ड ह्या मिशनरी संस्थेतर्फे ते १८४६ साली हिंदुस्थानात आले आणि काही वर्षे अहमदनगर येथे काम करून कोल्हापुरास गेले. त्यांच्या कार्याचा मुख्य भर शाळांवर होता. परंतु १८५४–५५ मध्ये बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन ह्यांच्या शिष्टमंडळाने पश्चिम हिंदुस्थानातील मिशनांची पाहणी केली आणि निराळे धोरण पुढे आणले. मिशनने इंग्रजी शिक्षणात शक्ती वेचू नये, देशी भाषेतून उपदेश करावा आणि स्थानिक मंडळ्या लवकर स्वावलंबी कराव्यात, असा त्या धोरणाचा आशय होता. अँडरसन ह्यांचा विचार अदूरदर्शी नव्हता. स्थानिक मंडळी परावलंबी राहू नये, ही त्यामागील दृष्टी आजच्या अभ्यासकासही पटण्यासारखी आहे. तथापि शाळा हेच आपल्या सेवेचे क्षेत्र, असे मानणाऱ्या वाइल्डरांना ते मान्य होणे शक्य नव्हते. हा मतभेद विकोपास गेला. मायदेशी गेलेल्या वाइल्डरांना कोल्हापुरास परत धाडण्यास बोर्डाने नकार दिला. १८६१ साली त्यांनी मिशनच्या शाळांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्याच सुमारास कोणत्याही बोर्डाच्या आश्रयावाचून ते कोल्हापुरास परतले. संस्थेने नाकारलेले पाचारण त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर खरे मानले. सुमारे दहा वर्षे त्यांनी हे काम स्वतंत्रपणे चालविले. मात्र १८७० साली ते त्यांनी प्रेस्बिटेरियन बोर्डाच्या स्वाधीन केले. व्यक्तीच्या निष्ठेने आरंभ होतो, परंतु सातत्यासाठी संस्था लागते, हेच येथे दिसते.

पन्हाळ्याचे ठाणे हे ह्या दुसऱ्या, संस्थात्मक अवस्थेचे अपत्य होय. १८७५ साली वाइल्डर हिंदुस्थान सोडून गेले आणि १८७७ साली पन्हाळा येथे मिशनचे स्वतंत्र ठाणे सुरू झाले. गडावरील हवा परदेशी कुटुंबांस मानवणारी होती. परंतु ज्यांच्यासाठी काम करावयाचे ते लोक पायथ्याच्या गावांत राहत. कालांतराने कामाचा भार गडाखालील कोडोलीकडे सरकला आणि पन्हाळा तालुक्यातील हे गाव ह्या भागातील मिशनकार्याचे केंद्र बनले. हे स्थलांतर भौगोलिक दृष्ट्या किरकोळ असले तरी अर्थाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. हाक कोठेही ऐकू येवो, सेवा मात्र जेथे माणसे असतील तेथेच करावी लागते.

वाइल्डर ह्यांच्या मुलांच्या बाबतीत ह्या प्रश्नाने निराळे रूप घेतले. रॉबर्ट पार्मली वाइल्डर ह्यांचा जन्म १८६३ साली कोल्हापुरातच झाला. मायदेशी परतल्यावर वडिलांनी प्रिन्स्टन येथे १८७८ साली ‘द मिशनरी रिव्ह्यू’ हे नियतकालिक काढले. थोरली बहीण ग्रेस माउंट होल्योक ह्या विद्यालयात शिकली. परदेशी सेवेस जाण्याची तयारी दर्शविणारे लेखी निवेदन विद्यार्थ्यांकडून घेण्याची कल्पना त्या विद्यालयातील मुलींच्या मंडळात रुजली आणि ग्रेसच्या द्वारे ती प्रिन्स्टनला पोहोचली. १८८६ च्या जुलैत मॅसॅच्युसेट्समधील माउंट हर्मन येथे ड्वाइट मूडी ह्यांच्या पुढाकाराने २५१ विद्यार्थी जमले होते. संमेलन संपेपर्यंत त्यांपैकी १०० जणांनी असे निवेदन केले. त्यातूनच १८८८ साली विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ विधिपूर्वक स्थापन झाली. चळवळीचा संदेश घेऊन विद्यालयांचा दौरा करावा, असे रॉबर्टना सुचविण्यात आले, तेव्हा वडील गंभीर आजारी होते. पुत्राचे कर्तव्य आणि पाचारण ह्यांत निवड करण्याचा हा कठीण प्रसंग होता. परंतु आपल्यासाठी थांबू नये, असे वडिलांनीच सांगितले. १८८६–८७ च्या ह्या दौऱ्यात सुमारे २,१०० विद्यार्थ्यांनी आपली नावे दिली. १८८७ साली वडील निवर्तले. त्याच वर्षी ग्रेस आणि त्यांच्या मातोश्री सेवेसाठी कोल्हापुरास परतल्या. रॉबर्टही पुढे १८९२ मध्ये हिंदुस्थानात आले आणि विद्यार्थ्यांमध्ये कार्य करू लागले.

ह्या चळवळीच्या प्रतिज्ञेतील एक शाब्दिक बदल भाषाभ्यासकाने दुर्लक्षू नये असा आहे. आरंभी निवेदनकर्ता आपण परदेशी सेवेस राजी आणि इच्छुक आहोत, एवढेच सांगे. पुढे त्या जागी निश्चित संकल्पाचा शब्द आला. इच्छा मनात राहू शकते, संकल्प मात्र कृतीची अपेक्षा निर्माण करतो. हाक ईश्वराची खरी. पण तिची कसोटी मनुष्याच्या संकल्पात पाहावी, असा अर्थ ह्या बदलातून निघतो. त्याचबरोबर एक धोकाही निघतो. शेकडो तरुण एकाच सभेत एकाच मसुद्याखाली सह्या करू लागले, म्हणजे व्यक्तीची हाक आणि समूहाचा उत्साह ह्यांतील सीमा पुसट होते.

ह्या परदेशी सेवकांच्या शेजारी मराठी मनुष्याचे उदाहरण ठेवले, म्हणजे विषयाची दुसरी बाजू स्पष्ट होते. नारायण वामन टिळक ह्यांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनमध्ये दीर्घकाळ कार्य केले. १९१७ साली मात्र त्यांनी मिशनच्या वेतनाचा त्याग केला आणि ‘देवाचा दरबार’ ही बंधुत्वाची कल्पना पुढे मांडली. १९१९ साली त्यांचे निधन झाले. तो प्रयोग अल्पजीवी ठरला, परंतु त्यामागील प्रश्न अल्पजीवी नव्हता. मराठीत ‘सेवा’ हा एकच शब्द देवाच्या पूजेसाठी, संतांच्या चरणी वाहिलेल्या जीवनासाठी आणि पगारी नोकरीसाठीही वापरला जातो. मिशनच्या वेतनावर काम करणाऱ्या देशी उपदेशकाच्या जीवनात हे अर्थ एकमेकांत मिसळले होते. समाज त्याच्याकडे चाकर म्हणून पाही, तो स्वतःस सेवक समजे. टिळकांनी वेतन सोडून हे अर्थ वेगळे केले. भजन, कीर्तन आणि अभंग ह्यांतून ख्रिस्ताची सेवा करणाऱ्या ह्या कवीस संतपरंपरेतील सेवेचा अर्थच अधिक जवळचा वाटावा, हे स्वाभाविक होते. ‘दरबार’ आणि ‘पाचारण’ हे शब्द एकाच अर्थक्षेत्रातील आहेत, ही गोष्टही येथे नोंदण्यासारखी आहे.

वाइल्डर आणि टिळक ह्यांच्या परिस्थितीत मोठे अंतर होते. एकास मायदेश सोडून यावे लागले. दुसऱ्यास आपल्याच देशात आणि प्रारंभी आपल्याच घरात परके व्हावे लागले. वाइल्डरांच्या पाठीशी, बोर्डाने नाकारल्यावरही, मायदेशातील हितचिंतकांचा एक समाज होता; बाप्तिस्म्याच्या वेळी टिळकांस पत्नीचीही साथ नव्हती. लक्ष्मीबाई त्यांच्या मार्गाने आल्या त्या पुढे, १९०० साली. तरीही दोघांच्या जीवनात एक समान क्रम आढळतो. प्रथम हाक, नंतर संस्थेशी संबंध, त्यानंतर संस्थेच्या मर्यादांशी संघर्ष आणि शेवटी स्वतःच्या जबाबदारीवर घेतलेला निर्णय. पाचारणाचा निर्णय संस्थेनेच करावा हे जसे पूर्णपणे खरे नाही, तसेच तो केवळ व्यक्तीनेच करावा हेही पूर्णपणे खरे नाही. वाइल्डरांचे काम टिकले ते दुसऱ्या बोर्डाने स्वीकारल्यामुळे. टिळकांचा दरबार त्यांच्यामागे फार काळ उभा राहिला नाही. परंतु दोघांनीही त्या त्या क्षणी संस्थेचा नकार किंवा आधार हाच अखेरचा निकाल मानला असता, तर ‘पाचारण’ ह्या शब्दात नियुक्तीपलीकडे काही अर्थ उरला नसता. बोलावणारा आणि नेमणारा एकच नसतो, ही जाणीव ह्या परिसराच्या इतिहासाने मराठीतील ह्या जुन्या शब्दास दिली आहे.