साखरेची खूण

मूल न होणाऱ्या बाईला हिणवायला आपल्या भाषेत शब्द आहे. पुरुषासाठी तसा शब्द रोजच्या बोलण्यात सहसा ऐकू येत नाही. दोष कुणाचा, हे तपासणीआधीच ठरलेलं! म्हणून मला १९५४ साल महत्त्वाचं वाटतं.

तशी सुरुवात १८९९ ची. लँडस्टायनर (हो, रक्तगटवाले तेच) आणि मेचनिकॉफ यांनी दाखवलं, की प्राण्याला दुसऱ्या जातीचे शुक्राणू टोचले तर त्याच्या रक्तात त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. पण १९५४ मध्ये हॉलंडात र्‍युम्के आणि अमेरिकेत विल्सन यांना, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, भलतंच दिसलं. मूल न होणाऱ्या काही पुरुषांच्या रक्तातली प्रतिपिंडं त्यांच्या स्वतःच्याच शुक्राणूंना एकमेकांना चिकटवून त्यांचे पुंजके करत होती.

स्वतःचंच शरीर असं का वागेल? शुक्राणू तयार होतात वयात आल्यावर. आपलं कोण नि परकं कोण, हे शरीर त्याच्या कितीतरी आधी शिकून बसलेलं असतं. एरवी वृषणातला अडसर त्यांना रक्तापासून दूर ठेवतो. तो मोडला की ओळख पटत नाही.

पण प्रतिपिंडं नेमकी धरतात कशाला? जपानमध्ये इसोजिमा यांच्या गटाने एका वंध्यत्व असलेल्या स्त्रीच्या पेशींपासून असं एक प्रतिपिंड वेगळं केलं. ते १९८७ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे व्हर्जिनिया विद्यापीठात डीकमन आणि हर यांनी एस१९ या प्रतिपिंडाचं लक्ष्य शोधलं, त्याला 'सागा-१' म्हटलं. गंमत म्हणजे त्याचा प्रथिनाचा गाभा पांढऱ्या पेशींवरच्या सीडी५२ चाच निघाला. जेमतेम १२ अमिनो आम्लांचा! फरक फक्त वर चढवलेल्या साखरेच्या साखळीत. ती अधिवृषणातून जाताना शुक्राणूंवर चढते. दोन्ही प्रतिपिंडं तीच साखर ओळखतात, म्हणून पांढऱ्या पेशी वाचतात.

त्या जपानी प्रतिपिंडाच्या धर्तीवर अमेरिकेत, वनस्पतीत वाढवलेलं, एक गर्भनिरोधक प्रतिपिंड तयार झालं. योनीत ठेवायच्या विरघळणाऱ्या पातळ पट्टीतून ते दिलं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या छोट्या चाचणीत ते सुरक्षित ठरलं आणि शुक्राणू आत जाणं जवळपास थांबलं. ते बाजारात येण्याआधी मोठ्या चाचण्या हव्यातच.

एका बाईला जे नको होतं, ते दुसरीला हवं असेल. तिचं नाव कुठल्याच लेखात नाही. तिलाही कुणी तो शब्द ऐकवला असेल का, हा विचार मात्र डोक्यातून जात नाही.