पोय्क्काल कुदिरै : वेषातील यंत्र

पापनाशम ज्या तंजावर प्रांतात वसले आहे, तेथील ‘पोय्क्काल कुदिरै’ म्हणजे खोट्या पायांचा घोडा. ह्या नृत्यात वेषच घोडा होतो. नर्तक कमरेला घोड्याचा पोकळ सांगाडा बांधतो व लाकडी पायांवर उभा राहतो. झुलीआड पाय लपतात, थाप तेवढी टापांसारखी ऐकू येते. मराठी राजवटीत (१६७६–१८५५) हा प्रकार महाराष्ट्रातून आला, असे परंपरा सांगते. तथापि लाकडी पायांवरील ‘मरक्काल’ नृत्याचा उल्लेख प्राचीन ‘शिलप्पदिकारम्’मध्येच आढळतो. तेव्हा मराठ्यांकडे श्रेय गेलेच तर घोड्याचे जाईल, पायांचे नव्हे. काठ्यांनी फिरणाऱ्या नर्तनवस्त्राचे अमेरिकन पेटंट लोई फुलर हिने १८९४ साली घेतले. तंजावरच्या वेषाला असा एक कर्ता नाही. म्हणूनच त्याचा इतिहास लिहिताना मराठी अभिमानाइतकीच तमिळ साधनेही विचारात घेणे अगत्याचे ठरते.