मेटफॉर्मिन
मेटफॉर्मिन : प्रकार २ मधुमेहात तोंडावाटे दिले जाणारे, बायग्वानाइड गटातील औषध. फ्रेंच वैद्य झाँ स्टेर्न यांनी त्याचा मधुमेहावरील उपयोग १९५७ मध्ये प्रसिद्ध केला. यकृतातील ग्लुकोजनिर्मिती घटवून ते रक्तशर्करा उतरवते. एकटे घेतल्यास शर्करा सहसा धोकादायक पातळीपर्यंत घसरत नाही, मात्र ग्लिमेपिराइडसारख्या इन्शुलिनस्राव वाढवणाऱ्या औषधासोबत घेताना जेवण चुकल्यास घाम, थरथर व भोवळ ही अल्पशर्करेची लक्षणे उद्भवतात. मळमळ व जुलाब टाळण्यासाठी ५०० मिग्रॅ.पासून आरंभ करून ते जेवणासोबत घेतात; सावकाश विरघळणारी गोळी चुरडत नाहीत. मूत्रपिंडे फार दुर्बळ असल्यास रक्तात लॅक्टिक आम्ल साचण्याचा धोका असल्याने ते वर्ज्य ठरते, तर दीर्घकालीन वापरात ब१२ जीवनसत्त्वाची तपासणी इष्ट असते.