एकनाथांचें ज्ञानेश्वरी-शोधन आणि पोथीसंग्राहकांचें कर्तव्य

१. धर्मग्रंथांतील ज्ञान अक्षय आहे, असें आपण नित्य म्हणतों. परंतु तें ज्या अक्षरांच्या द्वारें आपल्यापर्यंत येतें, तीं अक्षरें मात्र अक्षय नाहींत. कागद जीर्ण होतो, शाई उडते, वाळवी पानें खाते. आणि नकलणाराची लेखणी तर नकळत मजकूरच पालटते. तेव्हां एखादा ग्रंथ सातशें वर्षें टिकला, ह्याचा अर्थ तो कोणी तरी पुनःपुन्हा टिकविला, असा घ्यावयाचा. तो कोणत्या रीतीनें टिकला, हें पाहणें संशोधकाचें काम होय. ज्ञानेश्वरीचें उदाहरण घेऊन ह्या प्रश्नाचा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

२. वेदांचें रक्षण पाठांतरानें झालें. पद, क्रम, जटा, घन इत्यादि पाठांत शब्दांची सुलट-उलट गुंफण अशी केलेली असते कीं, एक शब्द ढळला तरी तो तत्काळ ध्यानांत यावा. गीतेस सातशें श्लोकांच्या संख्येचें कुंपण आहे. ज्ञानेश्वरीस असें बळकट कुंपण नव्हतें. शके १२१२ (इ. स. १२९०) मध्यें नेवासें येथें ती सिद्ध झाली व सच्चिदानंदबाबांनीं ती लिहून घेतली, हें प्रसिद्धच आहे. सुमारें नऊ हजार ओव्यांचा हा ग्रंथ. आणि ओवीचें माप अनुष्टुभाप्रमाणें अक्षरसंख्येनें जखडलेलें नसल्यामुळें मध्यें एखादी नवी ओवी बसविली असतां सांधा चटकन दिसत नाहीं. शिवाय भाषा देशी, म्हणजे पिढीगणिक पालटणारी. संस्कृत शब्दास हात लावण्यास जो लेखक भितो, तोच जुन्या मराठी शब्दाच्या जागीं आपल्या घरचा शब्द निःशंक घालतो.

३. पोथ्या पडताळून पाहणारास ह्या दोषांचे प्रकार परिचित आहेत. दोन ओव्यांचा शेवट सारखा असला म्हणजे लेखकाची दृष्टि एकीवरून दुसरीवर जाते व मधला मजकूर गळतो. समासांत लिहिलेली टीप पुढील नकलेंत मूळांत शिरते. दुर्बोध रूपाचें सुबोध रूप होतें. परंतु सर्वांत अवघड दोष भक्तीचा होय. वाचतां वाचतां ज्यास प्रेमाचें भरतें आलें, तो आपली एक ओवी त्यांत सोडून जातो. अनादरानें ग्रंथ नष्ट होतो खरा. पण अतिआदरानेंहि तो बिघडतो, हें विसरूं नये.

४. मूळ रचनेनंतर २९४ वर्षांनीं, शके १५०६ (इ. स. १५८४) तारण संवत्सरीं, पैठण येथें एकनाथांनीं ज्ञानेश्वरीचें शोधन पुरें केलें. मूळ ग्रंथ अतिशुद्ध असतां पाठभेदांनीं तो अबद्ध झाला होता, असें ते स्वतः सांगतात. आणि ह्यापुढें जो त्यांत आपली ओवी मिळवील, त्यानें अमृताच्या ताटांत करवंटी ठेविली असें समजावें, असा त्यांचा इशारा आहे. हा इशारा देणारा पुरुष कोण, हें लक्षांत घेतलें पाहिजे. अकरा वर्षांपूर्वीं, शके १४९५ मध्यें, वाराणसी येथें त्यांनीं एकादश स्कंधावरील आपली टीका समाप्त केली होती; तिच्या ओव्या अठरा हजारांहून अधिक आहेत. ज्यास ओवी इतकी वश होती, त्यानेंच दुसऱ्याच्या ग्रंथांत ओवी घालूं नये असा निर्बंध घालावा, ह्यांत त्यांच्या शोधनाचें मर्म आहे. मात्र त्यांनीं टाकलेल्या पाठांची यादी ठेविली नाहीं. त्यांची प्रत सर्वमान्य झाली, आणि त्यांनीं कोणत्या प्रती पाहिल्या होत्या, हें कळण्यास साधन राहिलें नाहीं.

५. म्हणूनच वि. का. राजवाडे यांस बीड येथें पाटांगणावर मिळालेल्या पोथीचें महत्त्व मोठें होतें. ती एकनाथपूर्व आहे असें त्यांचें मत होतें. इ. स. १९०९ मध्यें त्यांनीं ती छापिली व तिच्या आधारें ज्ञानेश्वरींतील मराठी भाषेचें व्याकरणहि लिहिलें. त्यांच्या मतावर पुढें पुष्कळ वाद झाला. परंतु मूळ पोथीच उपलब्ध न राहिल्यामुळें तिचा कागद, अक्षराचें वळण, खाडाखोड, समासांतील लेखन ह्यांपैकीं कांहींहि दुसऱ्या संशोधकास तपासतां आलें नाहीं. छापील ग्रंथ हातीं आहे. पण त्याचा साक्षीदार हरपला आहे. पोथी छापिली म्हणजे तिचें काम संपलें, असें मानणारांनीं ह्या एका गोष्टीचा विचार करावा.

६. ह्यावरून संग्राहकांस आमची विनंति अशी. जीर्ण पोथी नदींत सोडण्याची चाल अद्यापि अनेक घरांत आहे. ती श्रद्धेची असली तरी तिनें पुरावा बुडतो. तुटक पानेंहि राखावीं. पुष्पिका, लेखनाचा शक, लेखकाचें व गांवाचें नांव, अध्यायान्तीं दिलेली ओवीसंख्या हीं प्रथम टिपून घ्यावीं. फिकें अक्षर नव्या शाईनें गिरवूं नये. छायाचित्रें अवश्य घ्यावीं, परंतु तेवढ्यावर विसंबून मूळ पोथी टाकूं नये.

७. असो. नाथांनीं ओवी घालण्याची मनाई केली. आज आपण पान दवडण्याची मनाई स्वतःस करून घेतली पाहिजे. पूर्वजांनीं राखलें म्हणून आपणांस वाचावयास मिळालें. आपण राखूं तेव्हांच तें पुढें कोणास पडताळतां येईल. इतकें सुचवून हा लेख येथें पुरा करितों.