दाब वाढविण्याची हौस

मोटारीच्या इंजिनाला शक्ति कशापासून मिळते, असें विचारलें असतां बहुतेक मंडळी पेट्रोलचें नांव घेतील. तें अर्धेंच खरें आहे. पेट्रोल पुरतें जळण्यास त्याच्या वजनाच्या सुमारें १५ पट हवा लागते. पेट्रोल हवें तेवढें ओततां येतें, अडतें तें हवेपाशीं. दट्ट्या खालीं येतांना जेवढी हवा सिलिंडरांत ओढील तेवढेंच इंधन जळावयाचें आणि तेवढीच शक्ति पदरांत पडावयाची. तेव्हां इंजिन आकारानें न वाढवितां त्याची शक्ति वाढवावयाची, तर त्यांत हवा दाबून भरली पाहिजे. ही गोष्ट इंजिन बनविणाऱ्यांच्या ध्यानांत फार लवकर आली. तिची किंमत कोणी आणि कशी चुकवावयाची, हा हिशेब मात्र अजूनहि पुरा झालेला नाहीं.

हवा दाबावयाची तर पंखा हवा, आणि पंखा फिरवावयाचा तर शक्ति खर्चिली पाहिजे. स्वित्झर्लंडमधील आल्फ्रेड ब्यूखी या एंजिनिअरानें १९०५ सालीं या अडचणींतून मोठी युक्तीची वाट काढिली. इंधनाच्या उष्णतेपैकीं सुमारें एकतृतीयांश भाग जळक्या वायूबरोबर धुराड्यांतून फुकट जातो. त्या वायूच्या वाटेंत एक पातींचें चक्र ठेवावें, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोंकास पंखा बसवावा आणि त्या पंख्यानें ताजी हवा दाबून इंजिनांत लोटावी, अशी ही योजना. टर्बोचार्जर म्हणतात तो हाच. ब्यूखीला धीर धरावा लागला. १९२०च्या दशकांत ‘प्रॉयसेन’ व ‘हान्झेस्टाट डांत्सिग’ या दोन जर्मन जहाजांच्या डिझेल इंजिनांना त्याची योजना लाविली गेली, आणि १,७५० अश्वशक्तीचें इंजिन २,५०० अश्वशक्ति देऊं लागलें.

दरम्यान पहिल्या महायुद्धांत विमानांना निराळीच अडचण भासूं लागली होती. उंचावर हवा विरळ, म्हणून इंजिन गुदमरे. फ्रान्समध्यें ओग्यूस्त रातो यानें विमानाच्या इंजिनाला टर्बो जोडून पाहिला. अमेरिकेंत सॅनफर्ड मॉस यानें १९१८ सालीं ‘लिबर्टी’ इंजिन मालमोटारीवर घालून कोलोरॅडोमधील पाइक्स पीक या सुमारें १४,००० फूट उंचीच्या शिखरावर नेलें. समुद्रसपाटीवर ३५० अश्वशक्ति देणारें तें इंजिन शिखरावर २३० वर आलें होतें. टर्बो जोडतांच तें ३५६ देऊं लागलें. येथें एक भेद लक्षांत ठेवण्याजोगा आहे. मॉसचा टर्बो इंजिनाला त्याचा गमावलेला श्वास परत देत होता. मोटारीला जो टर्बो बसवितात, तो श्वास देतो तो हक्कापेक्षां जास्त.

हक्कापेक्षां जास्त घेतलेल्या या हवेचा सूड म्हणजे इंजिनाची ठकठक. हवा दाबली कीं तापते. ठिणगी पडल्यावर ज्वाला एका बाजूनें पसरत जाते आणि पुढील न जळलेल्या मिश्रणाला आणखी दाबते. तें मिश्रण प्रमाणाबाहेर तापलें, तर ज्वाला पोंचण्यापूर्वींच एकदम भडका घेतें. तांब्याच्या हंड्यांत खडे घालून हलवावे तसा आवाज येतो. हा प्रकार चालूं राहिला तर दट्ट्याची कड फुटते, माथ्याला भोंक पडतें, सिलिंडरावरचें गॅस्केट उडतें. १९२१ सालीं अमेरिकेंत थॉमस मिजली यानें शिशाचा एक संयुग पेट्रोलांत मिसळून ही ठकठक दाबली, आणि पुढें दोन-तीन पिढ्या सारें जग तें विष हवेंत सोडीत राहिलें. भारतांत शिशाचें पेट्रोल बंद होण्यास २००० साल उजाडावें लागलें.

खासगी मोटारींत टर्बो आला तो १९६२ सालीं, अमेरिकेंत. त्या वर्षींच्या दोन गाड्यांपैकीं ओल्डस्मोबिल जेटफायर हिची कथा विशेष बोधक आहे. तिचें इंजिन ३.५ लिटरचें, शक्ति २१५ अश्वांची. टर्बो लावावयाचा तर सिलिंडरांतील मूळचें दाबाचें प्रमाण उतरवावें, ही सावध रीति. जेटफायरच्या कर्त्यांनीं तें १०.२५ इतकें चढेंच ठेविलें. मग ठकठकीचा बंदोबस्त काय? तर अर्धें पाणी आणि अर्धा मिथिल अल्कोहोल यांचें मिश्रण एका टांकींत भरून ठेवावयाचें. दाब चढला कीं त्याचा फवारा आंत जाऊन मिश्रण थंड करी. टांकी रिकामी झाली तर दाब कमी करणारी झडपहि होती. योजनेंत उणें कांहीं नव्हतें. उणें होतें तें माणसाच्या स्वभावाविषयींच्या अंदाजांत. पेट्रोल भरणारा माणूस दुसरी टांकी भरावयास विसरतो. टांकी रिकामी राही, गाडी मंदावे, मालक तक्रार घेऊन दुकानीं येई. दोन वर्षांत दहा हजारांच्या आंतच गाड्या निघाल्या, आणि पुढें कित्येकांचा टर्बो काढून साधा कार्बुरेटर बसविण्यांत आला.

यानंतर १९७३ सालीं बीएमडब्ल्यूनें २००२ टर्बो काढिली. तिनें सावध मार्ग धरून मूळ प्रमाण ६.९ वर आणिलें. दाब चढेपर्यंत गाडी आळसावलेली, चढल्यावर उधळलेली! त्यांतच तेलसंकट येऊन ठेपलें आणि सतराशेंच्या आंत तिचा ग्रंथ आटोपला. खरा उलगडा स्वीडनमधील साब कंपनीनें केला. तिनें १९७०च्या दशकाच्या अखेरीस लहान, चपळ टर्बो वापरला. आणि १९८२ पासून इंजिनाच्या ठोकळ्यालाच एक कान बसविला. ठकठकीचा कंप या कानानें टिपला कीं विजेच्या झडपेकरवीं जळका वायु चक्राला वळसा घालून बाहेर सोडला जाई आणि दाब उतरे. पेट्रोल चांगलें असो वा हलकें, इंजिन स्वतःच आपली मर्यादा ओळखूं लागलें.

आतां हौशी लोकांनीं काय केलें तें पाहावें. साबच्या त्या नियंत्रक पेटींत जुळणीसाठीं बारीक स्क्रू होते. लोकांनीं पेटी उघडून ते फिरविले. कांहींनीं दाब वाढविला, तर कांहींनीं कानाची संवेदनाच कमी केली. वैद्यानें नाडी पाहूं नये म्हणून रोग्यानें हात लपवावा, त्यांतलाच हा प्रकार.

अमेरिकेंत १९८६ व १९८७ सालच्या ब्यूक ग्रँड नॅशनल गाडीच्या मालकांनीं तर याचें शास्त्रच बनविलें. ३.८ लिटरचें सहा सिलिंडरांचें तें इंजिन कारखान्यांतून २३५ व पुढील वर्षीं २४५ अश्वशक्तीचें म्हणून बाहेर पडे. किती इंधन सोडावें आणि ठिणगी केव्हां पाडावी, याचें कोष्टक एका सुट्या चिपमध्यें सांठविलेलें असे. ती चिप उपटून निराळ्या कोष्टकाची बसवावी, वळशाच्या झडपेचा दांडा आंखूड करून दाब वाढवावा, शर्यतीचें पेट्रोल भरावें. एवढ्यानें गाडी ओळखूं येईनाशी होई. चाणाक्ष मालक येथेंच थांबून ठकठकीमुळें ठिणगी किती अंश मागें सरते, हें उपकरणावर वाचीत आणि मगच पुढचें पाऊल टाकीत; पंप मोठा, फवारे मोठे, मग टर्बो मोठा. उतावळ्यांचें गॅस्केट प्रथम जाई. ही जास्तीची शक्ति चिपनें निर्माण केलेली नव्हती. हलकें पेट्रोल, कडक उन्हाळा, लांब चढ आणि निष्काळजी मालक या सर्वांना पुरावी म्हणून कारखान्यानें जी शिल्लक इंजिनांत राखून ठेविलेली असते, तीच चिपनें बाहेर काढिली. शर्यतीच्या मैदानावर या शिल्लकेची पर्वा नसे. १९८६ सालीं फॉर्म्युला वनच्या दीड लिटरच्या टर्बो इंजिनांनीं पात्रता-फेरीपुरती हजारांहून अधिक अश्वशक्ति दिली, पण तीं इंजिनें थोड्या फेऱ्यांचींच सोबती असत.

आज चिप उपटावी लागत नाहीं; गाडीच्या संगणकाला तार जोडून कोष्टक बदलतां येतें. आणि ज्यांना याहून अधिक दाब हवा असतो, त्यांच्यासाठीं दुकानांत एक संच मिळतो. त्यांत एक लहान टांकी, एक पंप व एक फवारा असतो, आणि टांकींत भरावयाचें असतें पाणी व मिथिल अल्कोहोल. चांगल्या संचांत, टांकी रिकामी होतांच दाब आपोआप उतरविण्याचीहि सोय केलेली असते.