अडतिसाव्या वर्षी निसटणं

१ सप्टेंबर १९८५, इटलीतलं जाव्हेरा देल मोन्तेल्लो. जागतिक अजिंक्यपदाच्या सायकल शर्यतीत शेवटच्या घोळक्यात ग्रेग लेमाँड आणि मोरेनो आर्जेन्तिन होते. स्प्रिंटमध्ये दोघेही तगडे, म्हणून नजर एकमेकांवर. ३८ वर्षांचा डच यूप झूटेमेल्क (तूर द फ्रान्समध्ये ६ वेळा दुसरा, १९८० साली पहिला) रेषेजवळ त्यांना पुरा पडला नसता. तो आधीच निसटला. पाठलाग करणारा स्वतः वारा अंगावर घेणार आणि मागच्यांना आयतं ओढून नेणार. हे ओझं घ्यायचं कुणी? पस्तिशीपुढच्यांच्या मास्टर्स क्रिटेरियममध्ये, छोट्या रस्त्यावरच्या फेऱ्यांतही, हाच पेच असतो. मला तरी तो पायांपेक्षा हिशेबाचा वाटतो. झूटेमेल्क ३ सेकंदांनी जिंकला. लेमाँड दुसरा, आर्जेन्तिन तिसरा.