वाङ्मयचौर्य आणि नाममुद्रा : इंद्रायणीकाठचा पूर्वेतिहास

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यातून इंद्रायणी वाहते. या परिसरातील अभियांत्रिकी, वैद्यक व व्यवस्थापन महाविद्यालयांतून सादर होणारे संशोधन-प्रबंध आज संगणकीय तपासणीतून जातात आणि वाङ्मयचौर्य टाळण्याचे शिक्षण विद्यार्थ्यांना ऑनलाइन पाठांद्वारेही दिले जाते. साधन नवे असले, तरी शब्द कोणाचे हा प्रश्न या नदीकाठी सतराव्या शतकातच उपस्थित झाला होता.

देहूच्या तुकारामांच्या गाथेत सालोमालो या नावाचा निषेधपूर्वक उल्लेख येतो. परंपरेनुसार सालोमालो हा तुकारामांचा समकालीन कीर्तनकार. तुकारामांचे अभंग तो स्वतःच्या नावावर गाई आणि अखेरच्या चरणातील ‘तुका म्हणे’ ही मुद्रा बदलून तेथे आपले नाव घाली. छापखाना नसलेल्या काळात ही मुद्रा हाच कर्तृत्वाचा एकमेव दाखला होता. ती पुसणे म्हणजे कर्त्यालाच पुसणे होय. तुकाराम मात्र दुसऱ्याचे ऋण लपवीत नाहीत. नामदेवांनी स्वप्नात येऊन काव्यरचनेची आज्ञा केली, असे ते स्वतःच सांगतात. या ऋणनिर्देशामुळे त्यांची थोरवी उणावली नाही. संदर्भ दिल्यास आपले लेखन तोकडे दिसेल अशी भीती बाळगणाऱ्या विद्यार्थ्याने हे ध्यानी घेण्याजोगे आहे.

मुद्रेला आधार होता तो लिखित पाठाचा. चाकणचे संताजी जगनाडे हे तुकारामांचे टाळकरी व लेखक म्हणून प्रसिद्ध असून त्यांची समाधी जवळच सुदुंबरे येथे आहे. त्यांच्या म्हणून जतन झालेल्या वह्यांच्या आधारे वि. ल. भावे यांनी १९१९-२० मध्ये गाथा दोन भागांत प्रसिद्ध केली. कोणते शब्द कोणाचे हे पुढे पडताळून पाहता येते, ते कोणीतरी वेळीच काळजीपूर्वक टिपून ठेवल्यामुळे, हे यावरून दिसून येते.

याच्या उलट प्रकारचा दोष ज्ञानेश्वरीच्या वाट्याला आला. ज्ञानेश्वरांनी आळंदीस १२९६ मध्ये समाधी घेतल्यानंतर पुढील काळात त्यांच्या ग्रंथात पाठभेद व प्रक्षेप शिरले. शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ साली, एकनाथांनी ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि त्यात स्वतःची ओवी घुसडणाऱ्यास कठोर शब्दांत बजावले. दुसऱ्याचे शब्द आपल्या नावावर घेणे हा जसा अपराध, तसाच आपले शब्द दुसऱ्याच्या नावावर घालणे हाही अपराधच, असा याचा अर्थ.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्य-प्रतिबंधक विनियम जारी केले. त्यांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही. प्रबंधात साम्य १० ते ४० टक्के असल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित लेखन सादर करावे लागते, ४० ते ६० टक्के असल्यास एक वर्षपर्यंत ते सादर करता येत नाही आणि ६० टक्क्यांहून अधिक असल्यास नोंदणीच रद्द होते. योग्य निर्देशासह दिलेली अवतरणे या मोजणीतून वगळली जातात. २०१९ मध्ये आयोगाने संशोधन व प्रकाशन नीतीचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम विद्यावाचस्पती पदवीच्या विद्यार्थ्यांना आवश्यक केला. त्याच वर्षी ‘शोधशुद्धी’ योजनेद्वारे तपासणीची प्रणाली विद्यापीठांना उपलब्ध झाली.

तथापि प्रणाली मोजते ते शब्दसाम्य. केवळ मुद्रा बदलणारा सालोमालो तिच्या हाती सहज लागेल. इंग्रजी उताऱ्याचे मराठी रूपांतर करून मूळ लेखकाचे नाव गाळणारा मात्र बहुधा सुटेल. न वाचलेल्या ग्रंथाचा हवाला देऊन स्वतःचे विधान त्याच्या माथी मारणाराही सुटेल. एकनाथांनी निषिद्ध मानलेला दोष टक्केवारीत दिसतच नाही. म्हणून केवळ दहा टक्क्यांची मर्यादा पाठ करविणारे प्रशिक्षण अपुरे ठरते. अशा प्रशिक्षणाने साम्य कसे कमी दाखवावे एवढेच विद्यार्थी शिकेल.

ऑनलाइन पाठात विद्यार्थ्याला एखादा उतारा वाचावयास द्यावा. तो मिटवून त्याचा आशय स्वतःच्या वाक्यांत लिहून घ्यावा, मूळ शब्द जेथे अपरिहार्य असतील तेथे अवतरणचिन्हे घालावयास लावावीत आणि प्रत्येक विचाराचा कर्ता नोंदवून घ्यावा. अखेरीस ती टिपणे मूळ उताऱ्याशी त्यालाच ताडून पाहू द्यावीत. संताजींच्या वहीची शिस्त आणि एकनाथांची पाठनिष्ठा यांचा मिलाफ अशा अभ्यासातच साधेल. तो साधल्यास तपासणी-प्रणाली विद्यार्थ्याच्या विवेकाची जागा घेणार नाही, ती केवळ त्याची साक्षीदार राहील.